टाकीवर कोणी चढत नाही

आमच्या बसमध्ये सगळ्यांची तिकिटं एकच बाई काढायची, आणि ही रीत मी घालून दिली होती. हे आधीच सांगून टाकते. पुढे मी बऱ्याच जणांवर तोंडसुख घेणार आहे, तेव्हा कोणी म्हणायला नको की बाईने स्वतःचं तेवढं झाकून ठेवलं.

छत्तीसगढात, दुर्गजवळच्या खुर्सीपारहून सुटणारी सकाळची पहिली सिटी बस. सुटली की आधी वस्तीतून वळसा घ्यायची, शाळेपाशी, पाण्याच्या टाकीपाशी आणि नाल्याच्या मोडावर, म्हणजे वळणावर, थांबायची, मग मोठ्या रस्त्याला लागायची. सुपेल्यात खच्चून भरायची, दुर्गात अर्धी उतरायची आणि बोरसीला पोचेपर्यंत तिच्यात आम्हीच उरायचो. आम्ही म्हणजे रोजच्या अकरा बायका. कोणी घरकामाला जाणारी, कोणी दवाखान्यात साफसफाईला, दोघी शिवणकामाला. मी बोरसीतल्या एका खासगी शाळेच्या ऑफिसात क्लार्क. नावं एकमेकींची माहीत होती, पण हाक मारायची ती स्टॉपवरून. शाळेपाशी चढणाऱ्या चौघी शाळावाल्या, मोडावरच्या तिघी मोडवाल्या, आणि टाकीपाशी एकटी चढायची ती टाकीवाली. आम्ही पहिल्या स्टॉपवरच्या तिघी. त्यातही मला सगळ्या मॅडम म्हणायच्या. शाळेत काम करण्याचा तेवढा एक फायदा.

पहिल्या स्टॉपवर बस दहा मिनिटं उभी असायची आणि कंडक्टर जांभया देत बसायचा. सुपेल्यात मात्र माणसावर माणूस. त्या रेटारेटीत पर्स उघडा, सुटे शोधा, तेवढ्यात त्याच्या मशीनचा कागद अडकायचा. एकदा माझा डबाच सांडला, वरण सगळं एका माणसाच्या पँटवर. त्या दिवशी मी ठरवलं की आता हे बंद. बस सुटायच्या आधी आमच्या तिघींपैकी एकीने अकराही जणींची तिकिटं काढून टाकायची, पैशाचं मागून बघून घ्यायचं. कोणी येणार नसली तर आदल्या संध्याकाळी फोनवरच्या ग्रुपात टाकायचं. कंडक्टर खूश, आम्ही खूश. पुढच्या स्टॉपवर बाया चढायच्या आणि सरळ जाऊन बसायच्या. तीन वर्षं हे असं चाललं आणि तीन वर्षं मी स्वतःच्या अकलेवर खूश होते.

टाकीवालीबद्दल नीट सांगायला पाहिजे, कारण ही सगळी गोष्ट तिची आहे. तिचा डावा पाय लहानपणापासून बारीक, काठी घेऊन चालते. माहेर गोंदियाकडचं, म्हणून बसमध्ये माझ्याशी मराठीत बोलणारी तीच एक. बाकी सगळं हिंदी नाहीतर छत्तीसगढी. बोरसीतल्या मुलींच्या एका हॉस्टेलात ती स्वयंपाक करते. साडेसातच्या आत नाश्ता पानात पडायला पाहिजे. घरी ती आणि तिची म्हातारी आई, कमावणारी ती एकटी. बसमध्ये चढायला तिला वेळ लागतो. आधी काठी वर, मग उजवा पाय, मग दांड्याला धरून बाकीचं शरीर. कोणी हात दिला तर ती घ्यायची नाही. आमचा ड्रायव्हर वयस्कर माणूस, आरशात बघत बसायचा, आणि ती सीटवर टेकल्याशिवाय गिअर टाकायचा नाही.

मग बसमध्ये नवी यंत्रणा आली. ड्रायव्हरच्या मागे जीपीएसचा काळा डबा लागला. कंडक्टरच्या हातात नवं मशीन आलं, त्यातलं प्रत्येक तिकीट म्हणे सरळ सुपेल्यातल्या बसच्या ऑफिसात दिसतं. आणि आमच्या फोनवर नकाशा आला, ज्यात बस एक निळा ठिपका होऊन सरकायची. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं. माझ्यापेक्षा टाकीवालीला जास्त. आधी ती वीस-वीस मिनिटं टाकीपाशी काठीवर भार देऊन उभी असायची. आता ठिपका शाळेपाशी आला की मगच घरून निघायची. मला म्हणाली होती, ताई, हे ज्याने काढलं त्याचे पाय धुऊन पाणी प्यायला पाहिजे. तेव्हा मीही मान डोलवली होती.

आणि एका सोमवारी कंडक्टरच्या सीटमागे कागद चिकटवलेला दिसला. पुढच्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून ही बस वस्तीतून जाणार नाही, खुर्सीपारहून सरळ मोठ्या रस्त्याने जाईल. आतल्या तिन्ही स्टॉपवर पुरेसे प्रवासी नाहीत आणि बसला उशीर होतो, असं कारण दिलेलं.

शाळावाल्या आणि मोडवाल्या कुरकुरल्या, पण त्यांचं काही मोठं अडणार नव्हतं. दहा मिनिटं चालून मोठ्या रस्त्यावर येतील. एक शाळावाली तर म्हणाली, बरंच होईल, लवकर पोचू. टाकीवालीचं तसं नव्हतं. तिच्या घरापासून मोठ्या रस्त्यावर यायचं म्हणजे आधी नाला, मग चढ, आणि शेवटी ट्रकांची रांग चुकवून पलीकडे जायचं. एवढ्या सकाळी त्या गल्लीत ऑटो येत नाही, आला तर काठीवालीसाठी थांबत नाही. हॉस्टेलच्या बाईने तिला आधीच बजावलं होतं की उशीर चालणार नाही, दुसऱ्या बाया रांगेत उभ्या आहेत. बस आत आली नाही तर तिचं काम गेलं, एवढं सरळ होतं ते.

माझं डोकं फिरलं. मी लहानपणापासून अशीच आहे, वडील म्हणायचे या पोरीच्या नाकावर शेगडी ठेवली आहे. शनिवारी शाळा अर्धी असते, मी माझ्या स्टॉपवरच्या दोघींना धरून सुपेल्यातलं ते ऑफिस गाठलं. दुसऱ्या मजल्यावर होतं, म्हणून टाकीवालीला नेलं नाही. रस्ताभर मी काय काय बोलायचं ते जुळवत गेले. एसीत बसून बस चालवता का, एकदा टाकीपाशी येऊन उभे राहा, असं बरंच काही.

साहेब तरुण निघाला आणि फार गोड बोलणारा, म्हणजे भांडायला अगदी वाईट. त्याने पाणी मागवलं, खुर्च्या दिल्या, आणि स्क्रीनच आमच्याकडे वळवला. म्हणाला, बघा, यात आमच्या मनाचं काही नाही. महिनाभराच्या पहिल्या बसचा आलेख होता. प्रत्येक स्टॉपला एक निळा खांब, जितके चढणारे तितका उंच. सुपेल्याचा सगळ्यात उंच. पहिल्या स्टॉपचाही बरा. शाळेपाशी काही नाही. मोडावर काही नाही. टाकीवर बोट ठेवून तो म्हणाला, "मैडम, टंकी से तो कोई चढ़ता ही नहीं है।"

मला हसू आलं. म्हटलं, अहो साहेब, चढत नाही काय, माझ्या डोळ्यांसमोर रोज चढते. पुढचं तोंडाशी आलं होतं, आणि माझी नजर पहिल्या स्टॉपच्या खांबावर गेली. खाली आकडा लिहिला होता, अकरा. पहिल्या स्टॉपवर आम्ही तिघी चढतो. अकरा कुठून आल्या हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं. तिकीट जिथे काढलं तिथे बाई चढली, असं मशीन समजत होतं, आणि तीन वर्षांपासून मी त्याला असंच सांगत होते. त्या आठ जणींना टाकीवरून, शाळेपासून, मोडावरून मीच पुसलं होतं. 

तरी मी त्याला आमच्या रीतीबद्दल सगळं सांगितलं. तो ऐकून हसला. वाईट हसला नाही, पण हसला. म्हणाला, बस बंद व्हायला आली की सगळे असंच काहीतरी सांगतात, आमच्याकडे लिहिलेलं काय आहे ते बघावं लागतं. जिना उतरताना दोघी मला विचारत होत्या की आता काय करायचं.  मला लाज वाटत होती आणि राग येत होता, आणि राग कोणावर काढावा ते कळत नव्हतं.

टाकीवालीला सोमवारी बसमध्येच सांगितलं. तिच्या शेजारी बसले आणि सगळं सांगून टाकलं. वाटलं होतं ती म्हणेल, जाऊ द्या ताई, तुम्ही काय मुद्दाम केलं. ती खिडकीतून बाहेर बघत होती. मग म्हणाली, "तीन वर्षं झाले मी या बसमध्ये चढून राहिली. अन् यांच्या कागदात मी नाहीच?"

मी म्हटलं, अगं, सगळ्यांच्या सोयीसाठी केलं होतं.

"मी तुमाले म्हटलं होतं का, माह्यं तिकीट काढा म्हणून?"

नव्हतं म्हटलं. तिने कधीच म्हटलं नव्हतं. चढताना हात न घेणारी बाई ती, तिला विचारलंसुद्धा नव्हतं मी. सगळ्यांचं काढते तर तिचंही काढून टाकलं. 

दुसऱ्या दिवसापासून मी फर्मान काढलं की जिने तिने आपापल्या स्टॉपवर आपापलं तिकीट काढायचं. बाप्पा रे, काय बोंबाबोंब झाली. कंडक्टर वैतागला, वस्तीतल्या वळणांवर एका हाताने दांडा धरून त्याला आठ तिकिटं काढावी लागत होती. सुपेल्याला बस उशिरा पोचायला लागली. तिथे चढणारे सकाळच्या पाळीचे बाबू आम्हाला ऐकू जाईल असं बोलायचे, की या बायांमुळे हजेरीवर उशिराचा लाल शिक्का लागतो. एकदा मी त्यातल्या एकाला म्हटलं, भाऊ, आमच्याआधी तुमच्या सुपेल्याचा स्टॉप बंद करायला लावू का? तो खिडकीकडे सरकला. ती शाळावाली, जिला सरळ रस्ता हवा होता, तीही चार दिवस तोंड वाकडं करून तिकीट काढत होती. पण काढत होती, हे सांगायला पाहिजे.

महिना संपायला आठ दिवस असताना मी पुन्हा तो जिना चढले, या वेळी एकटी. साहेबाने आलेख उघडला. शाळेपाशी छोटा खांब उगवला होता, मोडावर उगवला होता, टाकीवर अगदी ठेंगणा, एका बाईचा. मला वाटलं झालं काम. तर तो म्हणतो, नोटीस लागल्यावर अचानक वाढलेत, म्हणजे तुम्ही लोक ठरवून तिकिटं काढताय.

मी म्हटलं, "हो, ठरवून. बसमध्ये माणूस ठरवूनच बसतो. झोपेत कोणी चढत नाही."

त्याने मान हलवली, म्हणाला, वरचे लोक हे धरणार नाहीत, नोटिशीच्या आधीचा पुरावा पाहिजे. आणि टाकीचा प्रॉब्लेम तर वेगळाच आहे. त्याने दुसरी खिडकी उघडली, जीपीएसची. बस कुठे किती उभी राहिली ते तिच्यात होतं. टाकीसमोर लाल खुणांची रांगच्या रांग. नोटिशीच्या आधी तिथे प्रवासी शून्य, आणि तरी बस रोज दीड-दोन मिनिटं उभी. म्हणाला, ड्रायव्हर तिथे विनाकारण गाडी थांबवतो, तंबाखू मळत असेल नाहीतर गप्पा. त्याला लेखी ताकीद दिली आहे, दोनदा.

दोनदा. आमचा ड्रायव्हर, ज्याने या सगळ्या दिवसांत आमच्यापाशी चकार शब्द काढला नव्हता. दोन ताकिदी खिशात घालून तो तसाच आरशात बघत थांबत होता. त्या क्षणी मला रडू आलं असतं, पण मला रडू येतं तेव्हा आवाज चढतो, आणि तेच बरं झालं.

माझे वडील रेल्वेत होते. आम्ही मूळचे नागपूरकडचे, वडील दुर्ग लाईनवरच्या लहान लहान स्टेशनांवर सिग्नलच्या केबिनमध्ये काम करत आले. त्यांच्यापुढे एक लांबट रजिस्टर असायचं. गाडी किती वाजता आली, किती वाजता गेली, आणि शेवटचा रकाना कारणाचा. गाडी ठरल्यापेक्षा जास्त उभी राहिली तर तिथे कारण लिहायलाच लागायचं. गाय आडवी आली, सिग्नल मिळाला नाही, काहीही असो, पण रकाना कोरा नाही सोडायचा. ही सवय त्यांनी घरीही आणली होती. मी शाळेतून उशिरा आले की दारातच विचारायचे, "कारण?" मला त्या शब्दाचा फार राग यायचा. त्या ऑफिसात साहेबाच्या लाल खुणा बघताना मला पहिल्यांदा त्याची किंमत कळली. मशीनने उभं राहणं लिहिलं होतं, कारणाचा रकानाच नव्हता त्यात. आणि जिथे रकाना नव्हता तिथे साहेबाने मनाने लिहून टाकलं, तंबाखू.

मी त्याला म्हटलं, गेल्या संक्रांतीनंतरचे दिवस काढा. टाकीवाली तेव्हा भाचीच्या लग्नाला गोंदियाला गेली होती, नऊ दिवस. माझ्या फोनवर ग्रुपात तिचा निरोप होता, "उद्यापासून माह्यं काढू नका", आणि परत आल्यावरचा दुसरा, "उद्या आहे". तारखा मी मोठ्याने वाचल्या. त्याने कंटाळत जीपीएसवर ते दिवस उघडले. नऊच्या नऊ दिवस टाकीसमोर एकही लाल खूण नव्हती. बस थांबलीच नव्हती तिथे.

तो पुढे वाकला. मी म्हटलं, आता याच दिवसांची तिकिटं काढा, पहिल्या स्टॉपची. या दोन खिडक्या त्याने तोवर कधी शेजारी ठेवल्याच नव्हत्या. एक तिकिटांचा माणूस बघायचा, एक गाड्यांचा, आणि दोघं एकाच खोलीत बसायचे. त्याने त्या शेजारी ठेवल्या. नऊ दिवस पहिल्या स्टॉपवर अकराच्या जागी दहा. दहाव्या दिवशी पुन्हा अकरा, आणि त्याच दिवशी टाकीसमोर पुन्हा लाल खूण, दोन मिनिटांची.

मी खुर्चीवरून उठून स्क्रीनवर बोट ठेवलं. म्हटलं, ही बाई. हा तिचा पाय आहे, तुम्ही ज्याला तंबाखू म्हणता तो. ती टाकीवर चढते आणि ड्रायव्हर ती बसेपर्यंत थांबतो.

 गुणाचा होता म्हणायचं, नजर चोरली नाही त्याने. मग हळूच म्हणाला की मॅडम, तरी टाकीवर ती एकच आहे. एका सवारीसाठी एवढा वळसा म्हणजे वर समजावणं अवघड जाईल.

मी म्हटलं, आतमध्ये एकूण आठ आहेत, ते वर समजवा. आणि टाकीवर एक आहे, ते त्यांना वेगळं सांगा. "एक म्हणजे शून्य नाही, साहेब. तुम्ही शून्य लिहिलं होतं."

त्याने ते सगळं छापून घेतलं, दोन्ही खिडक्या एका कागदावर. मी म्हटलं माझ्यासमोर शिक्का मारा, मी शाळेत क्लार्क आहे, शिक्क्याशिवायचा कागद कुठे जातो ते मला माहीत आहे. त्याने मारला. मग ड्रायव्हरच्या ताकिदी मागे घ्या म्हटलं, तेही लेखी. तर ते म्हणे दुसऱ्या टेबलाचं काम. त्या टेबलाला मी दर शनिवारी विचारते. अजून विचारतेच आहे. ते मला ओळखायला लागले आहेत आणि मला बघून एकमेकांकडे बघतात, बघू देत.

एकतीस तारखेला सकाळी कंडक्टरने स्वतःच्या हाताने नोटीस खरवडून काढली. पहिली बस तीन महिने वस्तीतूनच जाईल, पुढचं तेव्हाचे आकडे बघून ठरवू, असा निरोप आला होता. तीन तर तीन. बसमध्ये एका मोडवालीने पेढे वाटले. मी उतरताना ड्रायव्हरपाशी थांबले आणि ताकिदीचं का नाही सांगितलं म्हणून त्याच्यावरच ओरडले. तो म्हणाला, "टाइम तो लागही न दीदी." वेळ तर लागणारच, एवढंच त्याचं म्हणणं. 

गोष्ट इथे संपली असती तर माझ्या अंगावर मूठभर मांस चढलं असतं. पण महिन्याभराने थंडी पडली, एका सकाळी कंडक्टर तापाने फणफणलेला, मशीनही धड चालत नव्हतं. पहिल्या स्टॉपवर तो मला हात जोडून म्हणाला, मॅडम, आजच्या दिवस सगळ्यांची इथेच काढून टाका. मला दया आली. बाकीच्या बायांना एक दिवसाने काय फरक पडतो, असं मी मनात म्हटलं, आणि अकरा तिकिटं काढली. खरं सांगायचं तर दयेपेक्षाही जुनी खोड होती ती. सगळ्यांचं आपल्या हातात असलं की मला बरं वाटतं.

शाळावाल्या चढल्या, त्यांना सांगितलं, त्या बसल्या. टाकी आली. काठी वर, मग उजवा पाय, मग दांडा धरून ती. मी जागेवरून म्हटलं, बस गं, तुझं काढलं आहे. ती बसली नाही. दारापाशीच उभी राहून तिने पदराच्या गाठीतून पैसे काढले आणि कंडक्टरपुढे धरले. तो बिचारा म्हणाला, काकी, कट चुका है आपका.

ती माझ्याकडे वळली. रागावलेली नव्हती, आवाज अगदी साधा होता. "ताई, थे तिकीट पहिल्या स्टॉपचं आहे. मी टाकीवर चढली."

मी म्हटलं, अगं, एका दिवसाने काय होते.

"तुमचं नाही होत," ती म्हणाली. "माह्यं होते. मले माह्यं मोजू द्या."

सगळी बस ऐकत होती. माझ्या हातात ती अकरा तिकिटं होती, आणि ती कुठे ठेवावी हे मला कळेना. साहेबाला मी स्क्रीनवर बोट ठेवून एक म्हणजे शून्य नाही असं शिकवून आले होते, आणि महिन्याभरात मीच तिचं पुन्हा शून्य करून टाकलं होतं, कंडक्टरला ताप आहे म्हणून. मान खाली घालून मी म्हटलं, काढ बाई, तुझं तू काढ.

मशीन अडत होतं. कंडक्टरने दोनदा कागद ओढला, तिसऱ्यांदा झटकला. ती दांडा धरून उभी राहिली. मागून कोणीतरी चला ना म्हणालं, तेव्हा आमच्या त्या शाळावालीने, जिला सरळ रस्ता हवा होता तिने, मागे वळून त्याला गप्प केलं. तिकीट निघालं. तिने ते डोळ्यांजवळ नेऊन त्यावरचं स्टॉपचं नाव वाचलं, गाठीत बांधलं आणि मग सीटवर टेकली.

ड्रायव्हर आरशात बघत होता. तिसरी ताकीद खिशात पडली असती तरी तो हलला नसता. ती बसली, आणि मग त्याने गिअर टाकला.